हाताला गूळ लागला असेल

गिरगाव,
रविवार, दुपारचे जेवण झाल्यावर

प्रिय मयूर,

पार्सल उघडल्याबरोबर तू आधी मसाल्याची पिशवी नाकाशी नेशील आणि मग तुला हा कागद दिसेल, हे मला ठाऊक आहे. मसाला नेहमीचाच, लालबागला समोर उभं राहून कुटून आणलेला. मिरच्या मी निवडल्या आणि देठं आईने मोडली. डोळ्यांनी दिसत नाही म्हणून ती हात जोडून बसली असेल असं समजू नकोस. ओलसर मिरची ती चाचपून माझ्याआधी बाजूला काढते आणि वर मलाच आंधळी म्हणते. आंबे मात्र या वेळी पाठवले नाहीत. का ते पुढे येईलच, तोवर बोंब मारू नकोस.

फोन असताना पत्र कशाला, असं तू बायकोला, आरोहीला, विचारशील. अरे, फोनवर तू मला हसवतोस. लहानपणापासूनची तुझी ही खोड. बाबा पट्टी घेऊन उभे राहिले तरी तू असं काही बोलायचास की त्यांनाच तोंड फिरवून हसावं लागायचं, आणि तुझ्या वाटचे दोन फटके माझ्या खात्यात जमा व्हायचे. गेल्या रविवारीही तेच झालं. तू हसत हसत एक गोष्ट सांगितलीस, आम्ही खो खो हसलो, आणि फोन ठेवल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. कुठली ते तुला कळलंच असेल. पण मी लगेच तिथे येणार नाही. आले तर तू 'ताईचं लेक्चर' म्हणून कागदाची घडी घालशील. तेव्हा आधी जरा माझ्याबरोबर आपल्या लालबागच्या चाळीत चल.

तुझ्या ऑफिसच्या आरोग्य शिबिरात तुला ते साखर बघायचं मशीन मिळालं होतं ते वर्ष आठवतं? गणपतीचा पहिलाच दिवस. आरती झालेली, पानं वाढायची होती, आणि तू गॅलरीत स्टूल टाकून दवाखाना उघडलास. अख्ख्या मजल्याने बोटं पुढे केली. ज्याचा आकडा कमी त्याला तू 'पास' म्हणायचास आणि ज्याचा जास्त त्याला 'नापास, ऑक्टोबरला बसा'. शेजारच्या रखमाकाकूंनी तर देवाला नमस्कार करूनच बोट दिलं आणि पास झाल्यावर पेढे वाटायला निघाल्या. मग तू स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारलीस. ती मोदक भरत होती. हात पदराला पुसले न पुसल्यासारखे करून बाहेर आली आणि म्हणाली, "मेल्या, माझी उकड थंड जाता. काय टोचूचा ता लवकर टोच."

आकडा आला तीनशे छत्तीस.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. तेवढ्यात काकूंनी आईला खुर्चीत बसवलं, कुणी पंखा लावला, कुणी डॉक्टरांना फोन लावायला घेतला, आणि आई आपली सगळ्यांकडे बघत, हातातलं सारण कुठे ठेवू म्हणून विचारत होती. तेव्हा कुठे तुझ्या लक्षात आलं. तिची बोटं गुळाने चिकट होती. साबणाने हात धुवून, नीट कोरडे करून पुन्हा टोचलंस तर एकशेआठ. गॅलरीभर हशा पिकला. आणि आपल्या आईने पदर खोचत तुला सुनावलं, "बघ, तुझ्या मशिनीक पण माझो गूळ आवडलो!" त्या दिवशी ती खरोखरच ठणठणीत होती, हे मी आधी सांगून ठेवते. मशीनही बिचारं खोटं बोललं नव्हतं. त्याला जे चाखायला दिलं ते त्याने सांगितलं.

पण आपल्या घराला त्या दिवसापासून एक वाक्य मिळालं. टॅक्सीचं मीटर जास्त झालं की तू म्हणायचास, 'गूळ लागला असेल.' आमच्या पूर्वीला गणितात एक्याण्णव मिळाले तेव्हा सख्ख्या मामाने विचारलं, "पेपराला गूळ लागला होता का गं?" आमच्या ह्यांना, वैभवना, बढती मिळाली तर ते स्वतःच म्हणाले, गूळ लागला असेल साहेबांच्या हाताला. चाळीत कुणाचंही काही वाजवीपेक्षा जास्त झालं की हेच. किती हसलोय रे आपण त्या एका वाक्यावर. मला ते आजही आवडतं, हीच तर पंचाईत आहे.

तू बंगळूरला गेलास त्यानंतरची दोन-तीन वर्षं आता मी मनात पुन्हा पुन्हा उलगडते. आई बारीक होत चालली होती. आपण काय केलं? कौतुक केलं. 'आई, या वयात काय फिगर केलीस,' असं तू व्हिडिओ कॉलवर म्हणालास आणि ती लाजली. स्वतःचे ब्लाउज तिने स्वतःच आत घेतले, मी नुसती सुईत दोरा ओवून दिला. सारखी तहान लागायची, तर मुंबईचा उकाडा आहेच. पाणी जास्त, म्हणून रात्री दोनदा-तीनदा गॅलरीच्या टोकापर्यंत जाणं आलं. त्यावर आपण संडास घरात नसण्याला शिव्या घातल्या, पण ती इतक्या वेळा का उठते हे कुणी विचारलं नाही. प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे कारण तयार होतं, आणि प्रत्येक कारण अगदी पटण्यासारखं होतं.

एका दुपारी मी माहेरी गेले तर ती भिंतीला टेकून बसलेली. बांगडे साफ करून, कालवण करून, जेवून दोनेक तास झाले असतील. दमल्यासारखी वाटली म्हणून मी कपाटातून तुझं मशीन काढलं. दोनशे बासष्ट आलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि दोघींच्या तोंडून एकदमच निघालं. ती म्हणाली, "हाताक गूळ लागलो असतलो," आणि मी म्हणाले, 'गूळ लागला असेल.' मयूर, घरात बांगड्याचा वास दरवळत होता. त्या दिवशी घरात गुळाचा खडासुद्धा बाहेर काढलेला नव्हता. तरी आम्ही दोघी हसलो. हात धुवून परत बघितलं तर दोनशे एक्कावन्न. मग आई म्हणाली, मशीनच्या पट्ट्याच जुन्या झाल्या असतील, तेही खरं होतं, डबी गॅसच्या शेजारच्या फळीवर उष्णतेत पडून होती. दरवेळी आपल्याला एक खरं कारण सापडायचं, तेच नडलं.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. मी नव्या पट्ट्या आणल्या आणि ठरलं की सकाळी उपाशीपोटी बघायचं. तुला व्हिडिओवर घेतलं होतं. आकडा एकशे एकवीस. तू टाळ्या वाजवल्यास, 'पास!' म्हणून ओरडलास, आणि आईने विजयी मुद्रेने चहात साखर घातली. तिने आदल्या रात्री जेवण टाळलं होतं, हे मला पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं. परीक्षा आहे म्हटल्यावर ती अभ्यास करूनच बसणार ना! लहानपणी शाळा सुटलेली बाई, तिला नापास व्हायचं नव्हतं. तो पास-नापासचा खेळ तू गमतीने सुरू केलास, आम्ही तो चालवला, आणि तिने तो मनावर घेतला. पुढे ती दर वेळी सकाळीच बोट पुढे करायची, कधी एकशे एकोणीस, कधी एकशे तेवीस. जेवणानंतर बघू म्हटलं की म्हणायची, "माका काय जावक नाय, बरी आसंय मी," आणि उठून भांडी घासायला लागायची.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू तेव्हा इथे नव्हतास, म्हणून एकदा माझ्या तोंडून ऐक. विसर्जनाच्या दिवशी ती काकूंबरोबर मिरवणूक बघायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती. परत आली ती एका पायात चप्पल घालून. मी म्हटलं, दुसरी कुठे? तर तिने खाली वाकून बघितलं आणि मलाच विचारलं, "खंय गेली गो?" आम्ही पोट धरून हसलो. लालबागच्या गर्दीत चप्पल जाणं यात नवल ते काय! नवल हे होतं की गेलेली तिला कळली नव्हती. एवढ्या खडीतून, फुटक्या नारळांच्या करवंट्यांतून ती अनवाणी पायाने चालत आली होती. उंबऱ्याबाहेर पाय धुताना फरशीवरून लाल पाणी वाहिलं, तेव्हा तिने काकूंना विचारलं की कुणाला लागलं.

जखमेवर तिने हळद दाबली आणि आठवडाभर कुणाला दाखवली नाही. नवरात्रात अंगठा काळा पडला. परळच्या हॉस्पिटलात नेलं, आधी दोन बोटं गेली, मग अर्धं पाऊल. डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलंय हे तिथेच कळलं. तुला विमानतळावरून थेट वॉर्डात यावं लागलं. तू तिच्या बँडेजकडे न बघता नर्सशी थट्टा करत होतास, आणि मला तुझा राग आला होता. आता येत नाही. तुला रडायला तेवढी एकच पद्धत माहीत आहे.

तिथल्या डॉक्टर बाईंनी मला बसवून समजावलं होतं, ते मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्या म्हणाल्या, घरच्या मशीनने शंका घ्यायची, निकाल नाही लावायचा. आजार आहे की नाही हे लॅबमध्ये शिरेतून काढलेल्या रक्तावरच ठरतं. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, सकाळचा आकडा तर नेहमी सव्वाशेच्या आत होता. त्या म्हणाल्या, शंभरपर्यंत निर्धास्त राहा, शंभर ते सव्वाशे म्हणजे सीमेवर, आणि त्याच्या वर पुन्हा पुन्हा आलं तर मधुमेहच समजा. म्हणजे आपण पास म्हणत होतो तो सगळा वेळ आपली आई सीमेवर उभी होती. शिवाय काहींची साखर सकाळी सरळ वागते आणि जेवल्यावर उधळते, दोन तासांनी तरी ती एकशेचाळीसच्या खाली यायला हवी. आपण त्या वेळेला बघायचंच टाळत होतो. आणि मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती तपासणी, जिच्यासाठी उपाशी राहावं लागत नाही आणि आदल्या रात्रीचं जेवण टाळून जिला फसवताही येत नाही. साडेसहाला मधुमेह धरतात. आईची साडेअकरा आली होती. बाई म्हणाल्या, पाय आणि डोळे बघता ही काही महिन्यांची साखर नाही, वर्षांची आहे. मी तेव्हा मनात त्या बांगड्याच्या दुपारपर्यंत मागे गेले, आणि अजून मधूनमधून तिथेच जाऊन बसते.

मी कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. आपल्यापैकी कुणीच काही वाईट केलं नाही. आपण एकदा धडा शिकलो, की हात धुतल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये. धडा बरोबर होता. पण हात धुतल्यावरही आकडा तोच आला तर त्याच्यावर विश्वास ठेवावा, हा धड्याचा दुसरा भाग आपण शिकलोच नाही. मला वाईट वाटतं ते याचं. नुसतं एकदा लॅबमध्ये नेलं असतं तर आज ती लालबागच्या गॅलरीत उभी राहून खालच्या भाजीवाल्याशी हुज्जत घालत असती. आता ती माझ्याकडे खिडकीशी बसते आणि खालून गेलेली बस कुठल्या नंबरची असेल ते आवाजावरून सांगते. बहुतेक वेळा चुकते, पण आम्ही हो म्हणतो.

बाईंनी तेव्हाच बजावलं होतं की दोन्ही मुलांनी तपासून घ्या, रक्तात आहे. मी गेले. माझी सरासरी पावणेसहाच्या किंचित वर आहे, सीमेवरच. म्हणून रोज संध्याकाळी चौपाटीपर्यंत चालते, आणि वैभव बरोबर येतात ते भेळेसाठी. तू मात्र 'पुढच्या महिन्यात' म्हणालास. त्या पुढच्या महिन्याला आता वर्षं झाली.

आता गेल्या रविवारचं. आरोहीचे बाबा तुमच्याकडे आलेत, त्यांचं मशीन टेबलावर होतं, जेवणानंतर दोन तासांनी सहज म्हणून तू बोट दिलंस आणि दोनशे एकतीस आलं. त्याच फोनवर तू आणखी दोन गोष्टी कौतुकाने सांगितल्यास. डाएट न करता सात किलो वजन उतरलं, कमरेच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं. आणि आरोही मागून म्हणाली की हा हल्ली उशाशी पाण्याची बाटली घेऊन झोपतो. मग तू ते आपलं वाक्य म्हणालास. फोन स्पीकरवर होता. पूर्वी हसली, वैभव हसले, मीसुद्धा हसले, सवयीने. आई हसली नाही. तेच वाक्य, जे या घरात सगळ्यात आधी तिच्याच मोदकाच्या हातावरून निघालं, ते ऐकून तिने खिडकीकडचं तोंड फोनकडे वळवलं. फोन ठेवल्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "त्याच्या घरात गूळ असता काय गो?" मी म्हटलं, नाही, आरोही चहातसुद्धा गूळ घालत नाही. मग तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "मगे खंयचो गूळ लागलो त्याका?"

हे पत्र तिने लिहायला लावलंय. रोज विचारते, लिहिलंस काय, आणि आज जेवल्यावर समोर बसूनच राहिली. कदाचित काही नसेलही. एका आकड्यावरून मीही निकाल लावणार नाही. पण हे वाचशील त्याच्या दुसऱ्याच सकाळी लॅबमध्ये जा. आदल्या रात्री नेहमीसारखं जेव, अभ्यास करून जाऊ नकोस. उपाशीपोटी रक्त दे, जेवून दोन तासांनी पुन्हा दे, तीन महिन्यांची सरासरीही काढायला सांग, आणि कागद घेऊन डॉक्टरांसमोर बस. जे येईल ते येऊ दे, आंब्याची पेटी त्यानंतर पाठवते; एक-दोन फोडी कुठल्या हिशेबात बसतात ते डॉक्टर सांगतील. फोन मात्र मला करू नकोस, मी पुन्हा हसेन. आईला कर. तिने तुला एक प्रश्न विचारलाय, आणि त्याचं उत्तर लॅबच्या त्या कागदावर असेल.

तुझीच, तुझ्या वाटचे फटके खाल्लेली,
सीमाताई